दोन इंच नळ

तारीख : पाडव्यानंतरचा पहिला रविवार. खर्च : सायकलचा नवा चिमटा साडेतीनशे रुपये, ग्रीसची डबी तीस. हजर माणसं : मी एकटा.

कुठलंही काम सुरू करताना तारीख, रक्कम आणि हजर माणसं मनातल्या मनात मांडून घ्यायची सवय मला कचेरीनं लावली. पंचनाम्याची सुरुवात अशीच होते. पण परवा रविवारी नांदेडच्या आमच्या घराच्या ओट्यावर पोतं अंथरून, सायकल उलटी करून बसलो आणि तिसऱ्या बाबीपाशी अडलो. एरवी सुमन हजर असती. स्वयंपाकघरातूनच म्हणाली असती, "रॉकेलला ती वाटी घेऊ नका, आमटीची आहे ती." ती पुण्याला लेकीकडे गेली आहे. लेकीला मुलगा झाला. बाळंतपण, मग बारसं, मग बाळाचं पोट, असं करत मुक्काम लांबला आहे. मी आमटीची वाटी घेतली, तिच्यात रॉकेल ओतलं. कुणीही काही म्हणालं नाही. घर एवढं गप्प असलं की रॉकेल ओतल्याचा आवाजही मोठा वाटतो.

उन्हाळा यंदा पुन्हा कोरडा आहे. समोरच्या लिंबाला मोहोर आलाय, त्याचा कडसर गोड वास दुपारपर्यंत ओट्यावर रेंगाळतो आणि मग धुळीखाली दबून जातो. गल्लीत नळाचा दिवस कोणता यावरून रोज वाद. लातूरला तर रेल्वेनं पाणी नेणार म्हणून टीव्हीवर दाखवून राहिलेत. लातूर आणि पाणी हे दोन शब्द एका वाक्यात आले की माझं लक्ष हातातल्या कामावरून उडतं. या वेळी हातातलं कामही नेमकं तिथलंच होतं.

चिमटा म्हणजे सायकलचं पुढचं चाक दोन्ही अंगांनी धरून ठेवणारा दोन पायांचा भाग. त्याच्या डोक्यावर एक नळी असते. ती सांगाड्याच्या पुढच्या आखूड नळकांड्यातून खालून वर जाते आणि तिच्यावर हँडल बसतं. माझ्या सायकलच्या जुन्या चिमट्याला खांद्यापाशी बारीक चीर दिसली. चीर दिसल्यावर वाट बघायची नसते, हे मी एकदा शिकलो आहे. चाक काढलं, ब्रेकच्या सळ्या सोडल्या, वरचा नट फिरवला, हँडल हलवून हलवून उपसलं. चिमटा खाली ओढला तसे काळ्या ग्रीसमधले छर्रे, बेअरिंगच्या गोळ्या, पोत्यावर सांडले आणि चिमट्याच्या खांद्यावर बसलेला तो दिसला. दोन इंच लांबीचा जाड नळाचा तुकडा. लाकडी ठोकळा लावून हातोडीनं ठोकला तेव्हा सुटला. बाहेरून काळाठिक्कर, पण आतून ग्रीसमुळे अजून पांढरा. तळहातावर घेतला. वजन तसं काहीच नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मला नोकरी लागून त्याहून थोडे. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत बाहेर ताज्या रंगाचा वास आणि आत खुर्च्यांची मारामार. जुन्या जिल्ह्यातून दप्तरांची गाठोडी ट्रकनं आली होती. छापील कागदही जुनेच आलेले. नवे छापून येईपर्यंत त्यांच्यावरचं उस्मानाबाद हाताने खोडायचं आणि वर लातूर लिहायचं, हे काम सगळ्यात नवा म्हणून माझ्याकडे. दिवसभर मी खोडायचो आणि लिहायचो. संध्याकाळी बोटाला निळा डाग घेऊन खोलीवर यायचो. गाव जिल्हा झाल्याच्या आनंदात होतं, चौकात कमानी होत्या, आणि मला त्या गावात नावानं हाक मारणारं एकही माणूस नव्हतं.

खोली गावाबाहेरच्या नव्या वस्तीत, पत्र्याची. एका ओळीत तीन खोल्या. एकीत घरमालकीण राहायची. मल्लम्मा तिचं नाव, पण वस्तीतले सगळे तिला अव्वा म्हणायचे. कानडीत आईला म्हणतात तसं. नवरा डाळीच्या आडतीवर मुनीम होता, तो वारलेला. एकुलती लेक बिदरला दिलेली. दुसरी खोली माझी. तिसरीतले मास्तर पाण्याला कंटाळून कुटुंब घेऊन गावी गेले होते, त्यांच्या दाराला कुलूप. संध्याकाळी पत्रा थंड होताना टिकटिक वाजायचा. नांदेडची गाडी वस्तीच्या मागच्या रस्त्यानं जायची, तिचा हॉर्न ओळखू यायचा. बाकी आवाज नाही.

अंगणात नळ होता. जिल्हा झाला तशी वस्तीला नवी लाइन मंजूर झाली होती. चांगला इंची पाइप, कमरेएवढा वर आलेला, त्याला पितळी तोटी. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, पाणी काही आलं नाही. अव्वा रोज सकाळी तो नळ ओल्या नव्हे, कोरड्या फडक्यानं पुसायची, त्यावर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि तोटी फिरवून कान लावायची.

"नीरु इल्ला," ती म्हणायची. पाणी नाही. ती उदगीरकडची, राग आला की कानडीत जायची आणि निवळली की परत मराठीत यायची.

पाणी आणायचं ते रेणापूरच्या रस्त्यावरच्या एका मळ्यातल्या विहिरीवरून. मालक भला, पण नियम कडक : माणशी दोन डबे. डबे म्हणजे तेलाचे पत्र्याचे डबे. लातूरला तेलाच्या गिरण्या, तिथं रिकामे डबे स्वस्त मिळायचे. घागर सायकलवर टिकत नाही, पाणी हिंदकळून निम्मं रस्त्यात जातं. डब्याला झाकण असतं. एक डबा कॅरिअरला, एक हँडलला. सोड्यानं धुवा, राखेनं घासा, उन्हात पालथे घाला, करडईच्या तेलाचा वास काही जायचा नाही. पाण्यावर सात रंगांची पातळ साय तरंगायची. चहा करडईचा, भात करडईचा, अंघोळीनंतर अंगालाही करडई. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. एकट्या माणसाला पुष्कळ गोष्टींचं काही वाटेनासं होतं.

सुमन तेव्हा नांदेडला माहेरी होती. पहिलं बाळंतपण, मुलगी झालेली. मी लेकीला दोनदाच पाहिलं होतं. चैत्रात आणायला गेलो तर सासऱ्यांनी सरळ विचारलं, "पाण्याची सोय झाली का, जावईबापू? झाली असंल तर आज पाठवतो. लेकराला घेऊन पोरगी रांगेत उभी राहायची न्हाई." मी म्हणालो, होतेच आहे. ठरलं की अक्षय्यतृतीयेच्या आधी ते स्वतः लातूरला येऊन बघतील आणि मग पाठवतील. म्हणजे माझं घर भरणार की नाही हे विहिरीवर नव्हे, सायकलवर अवलंबून होतं. सायकल होती म्हणून पाणी होतं.

आणि परत आलो त्याच आठवड्यात, मळ्याच्या उतारावर, हँडलच्या डब्यासकट सायकलचा चिमटा मोडला. चीर आधी दिसली होती. अजून आठ दिवस जाईल असा मी अंदाज बांधला होता. पाणी फुफाट्यात पडलं, क्षणभर त्याचा काळा डाग राहिला आणि बघता बघता तोही गेला. मी तसाच बसलो. मागून येणाऱ्या बाईनं आपली घागर सावरत विचारलं, "लागलं का, भाऊ?" मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, "मग उठा की. पाणी काय उठून येणार न्हाई."

लातूरच्या दुकानात चिमटा नव्हता. सोलापूरहून माल यायला पंधरा दिवस म्हणाले. पंधरा दिवस मला परवडणारे नव्हते. रविवारी नांदेड गाठलं. लहानपणापासूनच्या ओळखीचे सलीमभाई सायकलवाले, त्यांच्याकडे गेलो.

"कितने इंची?" त्यांनी विचारलं.

"चोवीस."

"पक्का?"

"पक्का."

"देख लो साब, चिमटा वापस नै होता."

मी आकड्याला चुकत नाही अशी माझी ख्याती होती, आणि तो आकडाही खरा होता. फक्त तो माझ्या वडिलांच्या सायकलचा होता. चोवीस इंची सायकलवर मी चालवायला शिकलो, चोवीस इंची सायकल पुसली, तिलाच तेल घातलं. सायकल म्हटलं की माझ्या तोंडी चोवीसच येणार. लातूरची सायकल मी जुनी विकत घेतली होती, बदलून जाणाऱ्या एका शिपायाकडून. ती मोजायची असते हे मनात आलंच नाही. ती बावीस इंची होती; सांगाडा दोन इंच बुटका, म्हणून चिमट्याची नळीही दोन इंच आखूड लागायची.

एसटीत चिमटा मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर म्हणाला, "साहेब, ह्याला तिकीट लागतंय."

"सामान आहे," मी म्हणालो.

"अर्धी सायकल हाय की. अर्धं तिकीट काढू का?"

शेजारी टोपली घेऊन बसलेल्या म्हातारीनं चिमटा नीट न्याहाळला. "बाकीची कुठं हाय, बाबा?"

"लातूरला."

"म्हंजे हप्त्यानं आणून राहिलास की."

सगळी गाडी हसली. मीही हसलो. बऱ्याच दिवसांनी चार माणसांत हसलो होतो, म्हणून ते लक्षात राहिलं. मग अहमदपूरपर्यंत खिडकीतून उघडी बोडकी शिवारं जात राहिली.

चिमटा घरीच बसवायचा होता. दुसरीकडून आणलेला भाग लातूरचा दुकानदार हातात घ्यायला तयार नव्हता. अंगणात मी सायकल उलटी केली. अव्वा आपल्या दारातल्या दगडावर तांदूळ निवडत बसली. म्हणजे सुपात तांदूळ होते, नजर माझ्याकडे होती. नवा चिमटा खालून घातला, सायकल सरळ केली आणि वर बघितलं तर चिमट्याची नळी नळकांड्याच्या वर दोन इंच आलेली. तिच्यावर आट्यांचा नट फिरवला तर तो आटे संपेपर्यंत खाली आला आणि तिथंच अडकला. खाली छर्रे मोकळे, वर नट अधांतरी.

"नांदेडकर," अव्वा म्हणाली, "डोकं बाहीर आलं की त्याचं."

"दिसतंय मला."

"जास्तीचं काप."

"कापलं तर आटे जातात, अव्वा. मग नट कशावर बसवू?"

"मग मोजून आणायचं हुतंस. सारखं आकडे लिवतोस की कचेरीत."

मी आता मोजलं. दोन इंच वर जास्त होते, तर खालून दोन इंच भरले पाहिजेत. चिमट्याच्या खांद्यावर दोन इंचांची काहीतरी भक्कम कडी बसवायची, तिच्यावर छर्रे, तिच्यावर सायकल. एवढं सुचलं. पण इंचभर जाडीच्या नळीवर बसेल अशी कडी कुठली? हातात सुतळी घेऊन मी अंगणभर फिरलो. बांगडी मोठी, जोडवं लहान, दाराची कोयंडी वाकडी. मग नळापाशी उभा राहिलो. सुतळी नळाभोवती गुंडाळली, मग चिमट्याच्या नळीभोवती. पुन्हा नळाभोवती. जमणार होतं. आतला किंचित ढिलेपणा डब्याचा पत्रा कापून भरता आला असता.

अव्वानं सूप खाली ठेवलं. "काय मोजून राहिलास?"

"अव्वा, मला ह्यातला दोन इंच पाहिजे."

ती उठून नळाच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली. कानडीत जे बोलली ते मला कळलं नाही आणि ते बरंच झालं. मग मराठीत आली. "नळ कापला म्हंजे तुला काय म्हणायचं हाय? पाणी येणार न्हाई?"

"तसं नाही. आलं तर मी नवे आटे पाडून तोटी बसवून देईन. माझ्या खर्चानं."

"आणि मधीच आलं तर? मी काय हात लावून धरू?"

"अव्वा, सायकल नाही तर पाणी नाही. पाणी नाही तर सुमन येत नाही." मला वाटतं, लातूरला आल्यापासून तिचं नाव मी पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं होतं.

अव्वा नळाकडे बघत राहिली. विभूतीची तीन बोटं अजून पांढरी होती. "फुकट देणार न्हाई," ती म्हणाली. "ह्याला पाणी येईस्तोवर रोज एक तांब्या. तुझ्या तेलाच्या डब्यातलं न्हाई. माझ्या तांब्यात."

तिच्या गळ्यात लिंग होतं. त्याची पूजा केल्याशिवाय ती अन्नाचा घास घ्यायची नाही आणि पूजेला निर्मळ पाणी लागायचं. गेले कित्येक दिवस शेजारच्या वस्तीत जाऊन कुणाकडून तरी वाटीभर मागून आणत होती, हे मला माहीत होतं. कधी दुपार टळून जायची. मी हो म्हणालो.

कचेरीत पंखे बसवायला आलेल्या मिस्त्रीकडून लोखंड कापायची करवत आणली. तोटी काढली आणि नळ कापला. खरंच सांगतो, त्या करवतीचा आवाज अजून दातात आहे. कापलेल्या तोंडातून थोडी कोरडी तांबूस माती पडली. अव्वानं ती तळहातावर झेलली. "एवढंच आलं बघ नळाला," ती म्हणाली. मग उरलेल्या नळाला मी लाकडाचा गट्टू ठोकला आणि तिनं त्यावर पुन्हा तीन बोटं ओढली.

सायकल उभी राहिली ती मान वर करून. पुढून दोन इंच उचललेली, हँडल छातीशी आलेलं. वस्तीतून जाताना लोक वळून बघायचे. विहिरीचा मालक म्हणाला, "काय हो, सायकल लईच ताठ चालून राहिली. जिल्ह्याची झाली म्हणून काय?" मी तांब्या पुढे केला. फिरकीच्या झाकणाचा, घासून आरशासारखा. "हा पूजेचा आहे. अव्वाचा." त्यानं हात जोडले. पूजेचं पाणी तो मोजत नसे.

तृतीयेच्या आधी सासरे आले. धोतराचा सोगा धरून त्यांनी सगळी खोली पाहिली, डबे पाहिले, उभी सायकल पाहिली. मी हिशोब सांगितला : प्यायला इतकं, स्वयंपाकाला इतकं, लेकराच्या दुपट्यांना इतकं, शिल्लक इतकं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "एक पेला द्या बघू." मी दिला. त्यांनी उजेडात धरून पाहिला, एक घोट तोंडात फिरवला आणि दाराबाहेर जाऊन थुंकले.

"जावईबापू, तुमचा हिशोब बरोबर हाय. पाणी बरोबर न्हाई. हे लेकराच्या पोटात घालायचं व्हय?"

दुपारच्या गाडीनं ते परत गेले. त्यांना स्टँडवर सोडून मी सायकल हातात धरून चालत आलो. चढून बसावंसं वाटेना. खोलीत आलो, उरलेला पेला तसाच होता, त्यावर ते रंग. रागावण्यासारखं काही नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. माणसाचं बरोबर असलं की त्याच्यावर रागावताही येत नाही, आणि मग त्या रागाला कुठं बसवावं ते कळत नाही. पत्रा टिकटिकायला लागेपर्यंत मी बसून होतो.

अव्वा दारात आली. भिंत पत्र्याची, तिला सगळं ऐकू गेलं होतं. हातात पितळी चरवी होती, तांब्याच्या चौपट, फिरकीच्याच झाकणाची. अशी वस्तू तिच्याकडे आहे हे मला माहीत नव्हतं.

"श्रीशैलला गेलो हुतो तवाची. मालक उचलून चालायचे," ती म्हणाली. मालक म्हणजे तिचा नवरा. "उद्यापास्नं ही ने. माझ्या लिंगाला चूळभर लागतंय. बाकीचं लेकराला."

"अव्वा, विहिरीवर माणशी दोनच डबे. पूजेचं म्हणून एवढी चरवी नेणं बरोबर नाही. आणि ते पाणी तुमच्या नळाच्या तुकड्याच्या बदल्यातलं आहे. ठराव तसा आहे."

"म्हंजे माझंच हाय न्हवं?"

"तुमचंच."

"मग माझं मी कुणालाबी दीन. तुला कुणी इचारलंय?"

तरीही मला ते पटेना. दुसऱ्या दिवशी मालकाला मी सरळच सांगितलं की चरवीतलं थोडंच पूजेचं आहे, बाकीचं तान्ह्या लेकराला लागणार आहे, चालत असेल तर भरतो. तो मोट थांबवून माझ्याकडे बघत राहिला. "तुम्ही काय म्हणून राहिलात मला ऐकू आलं न्हाई. आणि चरवी केवढी हाय ते मी बघितलंच न्हाई." मग जरा थांबून, "भरा लवकर, मागं रांग हाय."

चरवी हँडलला मधोमध अडकवली. हँडल पूर्वीएवढं खाली असतं तर ती मडगार्डवर आपटली असती. आता बोटभर अंतर ठेवून झुलत होती. चुकून आणलेले दोन इंच नेमके तिथं कामी आले. उतारावर तिच्यातलं पाणी आतल्या आत बोलल्यासारखं वाजायचं आणि मी ते ऐकत ऐकत यायचो. सोबत म्हणावी तर तेवढीच.

पुढच्या रविवारी ती भरलेली चरवी घेऊनच नांदेडला गेलो. सासऱ्यांच्या ओट्यावर ठेवली. काही हिशोब सांगितला नाही. सुमन बाहेर आली, झाकण फिरवलं, ओंजळीत घेऊन प्यायली. मग वडिलांना म्हणाली, "पाणी चांगलं आहे. आणि तुम्ही दोघं इतके दिवस पाण्याचंच बोलताय. मी येऊ का, हे मला कुणी विचारलं नाही."

त्याच दुपारी आम्ही तिघं लातूरच्या गाडीत बसलो. चरवी रिकामी होती, सुमनच्या मांडीवर लेक होती, माझ्या मांडीवर चरवी.

अव्वाचं आणि सुमनचं लगेच जमलं. दोघी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी बोलायच्या. मृगानं हुलकावणी दिली, आषाढात पाऊस लागला. दोन वर्षांनी माझी बदली नांदेडला झाली. सामान टेंपोत चढवताना अव्वा सायकलकडे बोट दाखवून म्हणाली, "दोन इंच नळ नेतोस माझा. ध्यानात ठेव." नंतर बिदरहून तिच्या लेकीचं पत्र आलं, ती गेल्याचं. आता त्या जागी तीन मजली इमारत आहे. मी एकदा कामानिमित्त लातूरला गेलो तेव्हा रस्त्यावरूनच पाहिली. गच्चीवर काळ्या टाक्या होत्या, आणि खाली टँकर उभा होता.

परवा नवा चिमटा बसवायला अडचण आली नाही. या वेळी मोजून आणला होता, बावीस इंची. छर्रे रॉकेलमध्ये धुतले, ग्रीसमध्ये बसवले, नट आवळला. सायकल उभी केली तर इतकी वर्षं मान वर करून चाललेली ती एकदम खाली बघायला लागली. हँडल हाताला सापडेना. गल्लीतून एक चक्कर मारली. चालते चांगली, पण ती माझी वाटत नव्हती. घरी येऊन नळाचा तुकडा पुसून खिडकीत ठेवला.

दुपारी सुमनचा फोन आला. लेकीच्या घरातलं बाळ मागे रडत होतं. तिनं विचारलं, "तिकडं पाण्याचं कसं आहे?"

नळाचा दिवस, टाकीची पातळी, टँकरचा दर, सगळे आकडे जिभेवर आले. ते मी सांगितले नाहीत. म्हणालो, "करमत नाही. कधी येतेस?"

ती म्हणाली, "आमटीची वाटी घेतली असणार रॉकेलला."

"घेतली."

"घासून ठेवा. गुरुवारी निघते."

फोन ठेवला तरी मी खिडकीतल्या त्या तुकड्याकडेच बघत होतो, आणि एक सकाळ पुन्हा आठवली. त्या वर्षी पोळ्याच्या सुमारास अंगणातल्या नळाला पाणी आलं. आधी लाकडी गट्टू उडाला, मग नुसती हवा, मग तांबडं, मग स्वच्छ. अव्वानं खरोखरच हात लावून धरला आणि ओरडून आम्हाला बोलावलं. ती आणि सुमन, दोघीही चिंब झाल्या. दुपारपर्यंत मी मिस्त्री आणून आटे पाडले, तोटी बसवली, त्याचे पैसे दिले. नळाला पाणी येईपर्यंत रोज एक तांब्या, असा ठराव होता. तो तिथं संपला. रात्री सुमन म्हणाली, "उद्यापासून विहिरीवर जायला नको ना?" मी म्हणालो, नको.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर तांब्या होता. रोज असायचा तसाच, घासलेला, फिरकीचं झाकण लावलेला. अव्वा आपल्या दगडावर बसून होती. नळ तिच्यापासून चार पावलांवर, तोटीतून थेंब पडत होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. तो तांब्या पाण्यासाठी नव्हता, एवढं मला कळलं. सायकल काढली, तांब्या हँडलला अडकवला आणि रेणापूरच्या रस्त्याला लागलो. विहीर तुडुंब होती, रांगेत कुणी नव्हतं. मालकानं बिनडब्यांच्या सायकलकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

शेवटी मी दिलं ते एवढं : तांब्याभर पाणी, अव्वाला, ठराव संपल्यानंतर.